बाग नाही, सेलार नाही, तरी वाइन स्वतःची? दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या बायकांना हे जमतं कसं?

दिंडोरीकरीण यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे द्राक्षावरच्या डाऊनी आणि भुरी रोगांचेच प्रश्न घेऊन येते, आज जरा वेगळं आहे.

आमची साडेतीन एकर बाग. दोन एकर थॉमसन (खायची द्राक्षं), दीड एकर चेनिन (वाइनची). चेनिन करारावर वाइनरीला जाते. (नाव लिहीत नाही, याच तालुक्यात राहायचंय.) या सीझनला साखर २३ ब्रिक्सला आली तसा फोन लावला. उत्तर आलं, टाकी रिकामी नाही, दोन दिवस थांबा. दोनाचे सहा झाले. फेब्रुवारीअखेरचं ऊन, मणी सुरकुतायला लागले, बागेत शिरलं की मधमाश्यांचा नुसता आवाज. क्रेट आले तोवर साखर पुढे पळालेली, वजन घटलेलं. वर ‘आम्ल उतरलंय’ म्हणून किलोमागे कापले ते निराळेच. मिस्टर म्हणाले, सोड आता. सोडलं, पण डोक्यातून जाईना.

त्याच रात्री झोप नव्हती म्हणून मोबाइल चाळत होते, तर दक्षिण आफ्रिकेतल्या न्त्सिकी बियेला नावाच्या बाईंचा व्हिडिओ लागला. देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री वाइनमेकर म्हणून त्यांना ओळखतात. आता स्वतःचा ब्रँड, अस्लिना. आजीचं नाव दिलंय म्हणे. पुढे कळलं की सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे ना बाग होती ना सेलार, म्हणजे वाइन बनवायची जागा. मग मी शोधत बसले, तर अशा आणखी बऱ्याच जणी निघाल्या.

मला कळेना, बाग नाही तर वाइन त्यांची कशी? माझ्याकडे तर नेमकं उलटं. बाग माझी, छाटणी माझी, डिपिंग माझं, रात्री दोनला पॉवर आली की मोटर चालू करायला जाणार मी. आणि बाटलीवर नाव कुणाचं?

तिकडे राहिलेलं, पाहिलेलं कुणी आहे का इथे? हे खरंच चालतं, की नुसता व्हिडिओपुरता मामला आहे? गुगलवरचं नको, ते मी वाचलंय.

---

बाळासाहेब निफाड

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बाटलीवर बाईचं नाव आणि पाठीमागे कंपनी तीच, हा धंदा जगभर चालतो. तिकडे काळ्या लोकांना भागीदार दाखवलं की सरकारी सवलती मिळतात, असं माझ्या वाचनात आहे. कागदावर मालक, प्रत्यक्षात वॉचमन.

आपल्याकडे काय झालं ते विसरू नका. विंचूरला वाइन पार्क झालं तेव्हा जो तो वायनरीचं बोलत होता. मीही दोन एकर वाइनची कॅबर्ने लावली. २००८-०९ला मंदी आली आणि माल घ्यायला कुणी दारात उभं राहीना. जेसीबी लावून बाग उपटली आणि परत थॉमसन. तारांचा मंडप तेवढा कामी आला. लेबल हे पैसेवाल्यांचं काम आहे, आपण माल पिकवावा.

---

रोहिणी, मूळ पिंपळगाव

दिंडोरीकरीण ताई, तुमच्या प्रश्नावर खूप लिहायचंय, तेव्हा चहा घेऊनच बसा. बाळासाहेब काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. त्यावर येतेच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सहा वर्षं केपमधल्या स्टेलनबॉशला होते. मायक्रोबायोलॉजी शिकलेली, घरात बसवेना, म्हणून २०१८ आणि २०१९चे दोन हंगाम एका सेलारच्या लॅबमध्ये काम केलं. हंगाम तिकडेही जानेवारीत सुरू होतो, तेवढं सोडलं तर सगळंच वेगळं. आपल्यासारख्या वर्षाला दोन छाटण्या नाहीत. हिवाळ्यात पानगळ होते, जुलै-ऑगस्टमध्ये एकदाच छाटायचं, बस्स. खरडछाटणी आणि गोडीछाटणी समजावून सांगितली तेव्हा तिथला सुपरवायझर माझ्याकडे बघतच राहिला. ‘म्हणजे तुमची वेल झोपतच नाही?’ जुन्या बागांमध्ये तर ना तार, ना मंडप. गुडघ्याएवढी, कंबरेएवढी झुडपं सुटी सुटी उभी, कित्येक ठिकाणी ठिबकसुद्धा नाही. आपली चेनिन तिथे सर्वांत जास्त लावलेली पांढरी जात, जुनी माणसं तिला ‘स्टीन’ म्हणतात. साखरही ब्रिक्सवर नाही, ‘बॉलिंग’वर मोजतात. आकडा जवळपास तोच. आणि उन्हाळ्यात आग्नेयेकडून असा वारा सुटतो की दोरीवरचे कपडे शेजारी जातात. त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. वेली कोरड्या राहतात, बुरशी कमी. तुमचं डाऊनीचं रडगाणं तिथे फारसं ऐकू येत नाही.

आता मुद्दा. २०१८चा फेब्रुवारी, केपमध्ये भीषण दुष्काळ. घरी माणशी दिवसाला ५० लिटर पाणी, सेलारमध्ये टाकी धुवायला बादल्या मोजून. रात्री नऊला मी शेवटचे नमुने तपासत होते. मागच्या कोपऱ्यात दोन छोट्या उघड्या टाक्या होत्या, त्यांवर एक बाई फळीवर उभी राहून दांड्याने साली खाली दाबत होती. लाल वाइन आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात, त्याला ‘टोपी’ म्हणतात. ती दिवसातून तीन-चार वेळा मोडून रसात बुडवावी लागते. नाही मोडली तर रंग उतरत नाही आणि वरून आंबूस होते. जवळ गेलं की गॅस नाकात असा चढतो की डोळ्यांत पाणी. मला वाटलं, रात्रपाळीची कामगार असेल. नाही. त्या टाक्या तिच्या होत्या. म्हणजे भाड्याच्या.

दिवसा ती दुसऱ्या एका वाइनरीत असिस्टंट वाइनमेकर. स्वतःच्या पैशांनी दोन टन पिनोटाज (लाल वाइनची द्राक्षं) विकत घेतलेली, टनावर पैसे भरून आमच्या सेलारमध्ये टाकलेली. दोन टन म्हणजे हिशेबाला बाराशे-तेराशे लिटर, सोळाशे-सतराशे बाटल्या. हे तिकडे सर्रास चालतं. सेलार जागा, प्रेस, पंप, लॅब भाड्याने देतो. बाटल्या भरायला तर ट्रक येतो, आख्खी बॉटलिंगची लाइन ट्रकमध्येच, सकाळी येऊन दुपारी परत. बाग नसली, इमारत नसली तरी द्राक्षं निवडणं, कधी तोडायची ते ठरवणं, यीस्ट कुठलं, किती दिवस सालीवर ठेवायचं, लाकडाच्या पिंपात किती महिने, हे सगळं तिचं. ताई, वाइनमेकर म्हणतात ते या निर्णयांना. त्यामुळे ‘बाग नाही तर वाइन त्यांची कशी’ याचं उत्तर एवढंच आहे.

पण तिचं गाऱ्हाणं ऐका. त्या दिवशी तिची द्राक्षं सकाळी सातला आली होती. सेलारची स्वतःची द्राक्षं आधी, मग मोठ्या गिऱ्हाइकांची, मग हिची. क्रेट संध्याकाळी पाचपर्यंत सावलीत पडून होते, ती तासातासाला वर ओलं गोणपाट टाकत होती. बोलायची सोय नाही, कारण पुढच्या वर्षीही इथेच यायचं. तुमची पोस्ट वाचली आणि मला तीच आठवली. तुम्ही बाग असून रांगेत शेवटी, ती वाइनमेकर असून रांगेत शेवटी. टाकी ज्याची, त्याचं घड्याळ.

मग जमीन का नाही घेत, असं विचाराल. १९१३चा नेटिव्ह लँड अ‍ॅक्ट म्हणून कायदा होता. त्याने बहुसंख्य काळ्या लोकांना देशातली साधारण ७ टक्के जमीन ठेवली, १९३६मध्ये ती १३ टक्क्यांपर्यंत वाढवायची ठरली. उरलेल्या जमिनीत विकत घ्यायलाच बंदी. केपमध्ये द्राक्षाची पहिली वाइन निघाली १६५९ साली, म्हणजे आपल्याकडे महाराज प्रतापगडावर अफझलखानाला भेटले ते साल. तेव्हापासूनच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत. १९९४मध्ये मतदानाचा हक्क आला, पण स्टेलनबॉशमधल्या हेक्टरचा भाव काही मतदानाने उतरत नाही.

आता न्त्सिकी. जन्म १९७८, गाव माहलाबाथिनी, क्वाझुलू-नाताल प्रांतातलं. केपपासून लांब, द्राक्षाचं नाव नाही, मका आणि गुरं. आई दूर डर्बनला घरकामाला, वाढवलं आजीने. शाळा संपल्यावर हिनेही वर्षभर घरकाम केलं. मग साउथ आफ्रिकन एअरवेजची शिष्यवृत्ती मिळाली, ती नेमकी वाइन शिकण्याची. वाइन तोपर्यंत चाखलेलीसुद्धा नव्हती. १९९९मध्ये स्टेलनबॉशला आली, तर शिकवणं बरंचसं आफ्रिकान्समध्ये. हिची भाषा झुलू. पहिला घोट घेतला तो आवडला नाही, हे ती स्वतःच हसत सांगते. २००३ला पदवी, २००४ला स्टेलेकाया या वाइनरीत नोकरी, आणि तिथल्या तिच्या पहिल्याच लाल वाइनला मिकेलअँजेलो स्पर्धेत सुवर्णपदक. २००९मध्ये वर्षातली सर्वोत्तम स्त्री वाइनमेकर. अस्लिना सुरू केलं २०१६मध्ये. मधली बारा वर्षं मोजा, ताई. व्हिडिओत ती दोन सेकंदांत जातात. तिच्या एका लाल वाइनचं नाव ‘उमसासाने’. छत्रीसारखी पसरणारी बाभूळ असते ना, तिचं झुलू नाव. आजीला गावात त्याच नावाने हाक मारायचे.

कार्मेन स्टीव्हन्सची गोष्ट मला जास्त भिडते, कदाचित कमी गाजलीय म्हणून. केप टाउनच्या बेलहार वस्तीतली, तिकडच्या जुन्या कायद्यात ज्यांना ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, म्हणत त्या समाजातली. आईकडच्या रोमँटिक कादंबऱ्यांत द्राक्षबागा यायच्या, तिथून हे वेड. एल्सेनबर्गच्या कृषी महाविद्यालयात अर्ज केला, वर्णामुळे नाकारला. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घेतलं. १९९५ला शिकून बाहेर पडली. स्वतःची वायनरी झाली २०१९मध्ये, देशातली पहिली पूर्णपणे कृष्णवर्णीय मालकीची. मधे चोवीस वर्षं. ही मात्र भाड्याच्या टाकीवरून स्वतःच्या टाकीवर पोचलेली बाई.

आणि बेरीन सॉल्स. २००१मध्ये हॅमिल्टन रसेल या बड्या वाइनरीच्या मालकांकडे मुलं सांभाळायला लागली, वय एकोणीस. हळूहळू ऑफिसात, मग निर्यातीची कागदपत्रं. २०१५मध्ये मालकाच्याच मदतीने पिनो न्वार या लाल वाइनचं स्वतःचं लेबल, नाव आपल्या गावाचं, टेसेलार्सडाल. ते गाव मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांचं. नंतर तिने तिथेच जमीन घेतली. माल्मसी रांगाका यांचं घराणं तर उलट्या दिशेने आलं. बाई मानसशास्त्रज्ञ. २००३मध्ये कुटुंबाने आधी शेतच विकत घेतलं आणि मग विचारलं, द्राक्षाचं काय करतात? शेजारच्या व्हिलिएरा वाइनरीने हात धरून शिकवलं. त्यांचं लेबल ‘म्हुडी’, सेट्स्वाना भाषेत कापणी करणारी.

काका, तुमचं अर्धं बरोबर ते इथे. नावापुरते भागीदार दाखवण्याला तिकडे शब्दच आहे, ‘फ्रंटिंग’, आणि तो गुन्हा आहे. तरी होतं. मी बाटली घेताना दोन गोष्टी विचारायचे. वाइन कुणी बनवली, त्या व्यक्तीशी बोलता येईल का? आणि कुठल्या बागेतली द्राक्षं, त्या मालकाचं नाव काय? जी खरी आहे ती दुसऱ्या प्रश्नावर लाजत नाही, उलट शेतकऱ्याचं नाव, उतार, मातीचा रंग, सगळं सांगत सुटते. जिथे नुसतं ‘आमची प्रेरणादायी कहाणी’ ऐकवतात तिथून मी निघायचे.

एक राहिलंच. त्या रात्री तिने पेला भरून मला हुंगायला दिला. लॅबच्या तक्त्यात चेरी, तंबाखू, ट्रफल असले शब्द. मी म्हटलं, मला तर जांभूळ येतंय, आणि मागे पाऊस पडून गेल्यावरच्या गोठ्यासारखं काहीतरी. माझं मलाच ओशाळं झालं. ती म्हणाली, गोठा बरोबर आहे, मला आमच्या घरच्या अमासीच्या भांड्याचा वास येतो. अमासी म्हणजे त्यांचं घट्ट आंबट दूध, आपल्या विरजणाचं भावंड. मग आम्ही दोघींनी तो तक्ता बाजूला ठेवला.

---

वर्षा, वरोरा

गोष्टी छान आहेत, पण मला पटत नाही. माझ्या आईने आमच्या भागात बाटली आडवी करायला बायकांच्या सह्या गोळा केल्यात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ला दारूबंदी झाली ती बायकांनी मोर्चे काढून, २०२१ला उठवली तेव्हा त्या रडल्या. २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचं निघालं तेव्हाही हेच, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं भलं होईल. तुमच्या केपमधल्या शेतमजूर बायकांना विचारलंत का कधी?

---

रोहिणी, मूळ पिंपळगाव

वर्षाताई, विचारलं. आणि प्रश्न टाळत नाही.

केपमध्ये ‘डॉप’ नावाची पद्धत होती. शेतमजुराला मजुरीचा भाग म्हणून हलकी वाइन द्यायची. सकाळी एक डबा, न्याहरीला एक, दुपारी एक, असं दिवसभर. माणूस बांधलेला राहतो आणि न खपणारा मालही संपतो. कायद्याने बंदी आल्यानंतरही कितीतरी शेतांवर १९९०च्या दशकापर्यंत चालू होतं. त्याची फळं अजून दिसतात. गरोदरपणी आईच्या पोटात दारू गेल्याने जन्मतःच बाधित झालेली मुलं त्या प्रांतात जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक इतकी आहेत. आमच्या सेलारमध्ये फरशी धुणाऱ्या मावशी थेंबाला शिवत नसत. वडील डॉपवर गेले, एवढंच म्हणायच्या. त्यांना ‘स्त्री वाइनमेकर’चं कौतुक होतं का? नव्हतं. त्यांना त्या नोकरीच्या पेन्शनचं कौतुक होतं.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती बायकांचीच. झुलू घरात ज्वारी-मक्याची बिअर, उमकोंबोथी, बायकाच करायच्या. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं, शिजवायचं, आंबवायचं, गाळायचं. शहरात आलेल्या बायकांचं पोट त्यावर होतं. गोऱ्या सरकारने काय केलं? घरी बिअर करण्यावर बंदी आणि विकायची मक्तेदारी नगरपालिकेच्या बिअर हॉलला. त्याच नफ्यातून काळ्यांच्या वस्त्यांचा कारभार. पोलीस येऊन बायकांची पिंपं ओतून टाकायचे. १९५९च्या जूनमध्ये डर्बनच्या केटो मॅनॉरमध्ये बायका काठ्या घेऊन त्या बिअर हॉलवर चालून गेल्या. बाटली आडवी करायला गेल्या म्हणा ना, फक्त राग वेगळा होता. तू आमचं हिसकावतोस आणि आमच्याच नवऱ्यांना विकतोस. आणि वाइन किंवा ब्रँडी? ती काळ्या माणसाला विकणं १९६२पर्यंत कायद्याने बंद होतं. मळायला, तोडायला, धुवायला चालायचं, प्यायला नाही.

म्हणून न्त्सिकीच्या पिढीतली बाई टाकीवर उभी राहते तेव्हा मला त्यात दारूचा उत्सव दिसत नाही. आंबवण्याची विद्या घराघरात बायकांकडे होती, ती हिसकावली गेली, ती दुसऱ्या दाराने परत आलेली दिसते. तुमच्या आईंचा लढा खोटा नाही. माझ्या मामाचं काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. दोन्ही गोष्टी एका डोक्यात ठेवते, जमतं तितकं.

कोविडचंही सांगते. २०२० आणि २०२१ मिळून दक्षिण आफ्रिकेत दारूविक्री चार वेळा बंद झाली, पहिल्यांदा मार्चअखेरपासून थेट जूनपर्यंत. दवाखान्यांत मारामारी-अपघाताचे पेशंट कमी व्हावेत म्हणून. ते कमी झालेही. पण ज्यांची वाइन भाड्याच्या टाकीत होती त्यांचं भाडं चालूच होतं. बड्या घरांनी कळ काढली. माझ्या ओळखीच्या त्या पिनोटाजवालीने दुसरी टाकी निम्म्या भावात सेलारलाच विकली. ती त्यांच्या लेबलखाली गेली.

---

बाळासाहेब निफाड

रोहिणी, एवढं माहीत नव्हतं. वॉचमन शब्द मागे घेतो.

पण दिंडोरीच्या ताईंनी उद्या उठून हे करू नये म्हणून लिहितो. तुमच्या लेबलसाठी कुणी टाकी भाड्याने देईलही, पण उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय एक बाटली विकता येत नाही. घरी पिंपात करून ओळखीत विकणं हा गुन्हा आहे, कुणाचं ऐकू नका. आधी विभागाच्या नाशिक कार्यालयात जाऊन लेखी विचारा, मग हिशेब. आणि रोकड किती लागते ते रोहिणी सांगेल.

---

रोहिणी, मूळ पिंपळगाव

रोकडच तर सगळं आहे. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये. पांढरी वाइन सहा-आठ महिन्यांत विकायला येते, लाल असेल तर दीड-दोन वर्षं. फ्रेंच ओकचं नवं पिंप २२५ लिटरचं, त्यात बाटल्या होतात तीनशे, आणि पिंपाची किंमत ऐकून माझे सासरे म्हणाले होते, यात म्हैस आली असती. मग बाटली, बूच, लेबल, खोकी, सगळं आगाऊ. बँक तारण मागते, तारणाला जमीन नाही. न्त्सिकीसारखी माणसं अमेरिकेतल्या आयातदारांवर उभी राहिली, कार्मेनला ब्रिटनमधल्या ऑनलाइन गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे देऊन वर काढलं. घरच्या बाजारात शेल्फ मिळणं अजून अवघडच.

तुम्हाला हे पटकन जमेल असं मी म्हणणार नाही. पण चेनिन पांढरी आहे, म्हणजे पैसा लवकर सुटतो. जमीन तुमची आहे, म्हणजे तारण आहे. केपच्या बायकांकडे जे नव्हतं ते तुमच्याकडे आहे. सध्या एवढंच करा. पुढच्या करारात तोडणीची तारीख आणि उशिराची भरपाई लेखी घ्या. साखर आणि आम्ल तुमच्यासमोर मोजायचं, आकडा दोघांनी वहीत लिहायचा. तिकडे मी लॅबमध्ये शेतकऱ्याला शेजारी उभं करूनच मोजायचे, ते त्यांच्या करारात होतं.

---

दिंडोरीकरीण

सगळ्यांचे आभार. वर्षाताई, तुमचंही. रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आहे, आम्ल मोजायचं शिकून घेते.

रोहिणीताई, एक दुरुस्ती. जमीन माझी आहे असं तुम्ही लिहिलंत, मीही वर ‘बाग माझी’ लिहिलंय, आत्ता परत वाचलं. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे. करारावर सही मिस्टरांची. वाइनरीत माझा नंबर ‘भाऊंच्या घरून’ म्हणून सेव्ह आहे, मी फोन केला की तिकडचा पोरगा म्हणतो, भाऊंना द्या.

---

बाळासाहेब निफाड

नव्वदच्या आसपास शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती चालली होती तेव्हा आमच्या वडिलांनी आईच्या नावावर वीस गुंठे केले. भावकी हसली होती. पुढे सोसायटीचं कर्ज थकलं तेव्हा तेवढेच वीस गुंठे मोकळे राहिले होते, घर त्यावर चाललं. सासऱ्यांना हे सांगा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल, ते मला ओळखत असतील, बाजार समितीत भेट व्हायची.

---

दिंडोरीकरीण

सासऱ्यांशी बोलायला धीर लागेल काका. आज मिस्टरांना मात्र विचारलं, करारावर माझी सही का नाही? जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, कुणी विचारलंच नाही.

नवीन करार ऑगस्टमध्ये आहे. वाइनरीवाल्यांना सांगून ठेवलंय, कागद घेऊन घरी या, मी असेन.